संघ बदलल्यावर

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या घरी एक प्रश्न उत्पन्न झाला, आणि चार दिवस तो पानावर, पडवीत व देवघरासमोर सारखा घोळत राहिला. आमचा धाकटा पुतण्या कबड्डी खेळतो. वाडीच्या मंडळाकडून तो सहा वर्षे चढाया करीत होता. मालवणपासून वेंगुर्ल्यापर्यंत कोठेही स्पर्धा असो, ध्वनिक्षेपकावरून त्याचे नाव पुकारले की पोरे शिट्या वाजवितात, हे आम्ही स्वतः ऐकले आहे. त्यास खाडीपलीकडच्या एका मोठ्या मंडळाने बोलाविले. तेथे सरावास मॅट आहे, शिकविणारा माणूस आहे, मुंबई-पुण्याच्या स्पर्धांस जाण्याचा खर्च मंडळ सोसते. आणि मुख्य गोष्ट ही की, तेथून खेळलेल्या दोघा मुलांस खेळाडूंकरिता राखून ठेवलेल्या जागांवर नोकऱ्या लागल्या आहेत. बावीस वर्षांच्या, पदवीधर आणि बेकार मुलाच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नव्हे.

थोरले बंधू म्हणाले, "ज्या वाडीने नाव दिले, ती वाडी सोडावयाची?" वहिनी काहीच बोलल्या नाहीत. नोकरीचा शब्द निघाला तेव्हा मात्र त्यांनी मान वर केली होती, ते आमच्या नजरेस आले. शेवटी मुलगा आमच्याकडे आला. "काका, तुम्ही सांगा," म्हणाला. निवृत्त शिक्षकास मत विचारले की तो विचार करण्यापूर्वी श्लोक म्हणतो. आम्हीही म्हटला. दात, केस आणि नखे यांच्या पंक्तीस मनुष्याला बसवून, जागा सुटली की शोभा गेली असे सांगणारे ते सुभाषित संस्कृत शिकलेल्या प्रत्येकास ठाऊक असेल. मुलगा "बरं" म्हणून उठून गेला. रात्री पानावर तो एक शब्द बोलला नाही.

आमच्याने झोपवेना. उठून हितोपदेश काढला. आमच्या त्या आवडत्या श्लोकाच्या पाठोपाठ तेथे त्याचे खंडन आहे! हे भ्याड माणसाचे बोलणे, असे म्हणून सिंह, सत्पुरुष आणि हत्ती हे स्थान सोडून जाणारेच असतात, असा उलट दाखला ग्रंथकाराने दिला आहे. इतकी वर्षे आम्ही पहिला श्लोक मुलांकडून घोकून घेतला आणि दुसऱ्यापाशी कधी थांबलो नाही. ज्या शिक्षकाने अर्धाच ग्रंथ शिकविला, त्याने आता मुलाचे भवितव्य सांगावयाचे होते.

दोन्ही श्लोक खरे असतील तर कोणता केव्हा लागू पडतो, हे पोथीत सापडणार नव्हते. दुसऱ्या दिवशी पुतण्यालाच जवळ बसवून, त्याच्या भ्रमणध्वनीवरून आम्ही खेळाडूंचे आकडे काढविले. आरंभ शेजारापासून केला.

आंबोली घाट चढून गेले की पलीकडे कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुका लागतो. तेथील हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई हा चढाईपटू. २०१८ साली प्रो कबड्डीच्या सहाव्या हंगामात मुंबईच्या संघाने, म्हणजे यू मुंबाने, त्यास ३६ लाख ४० हजार रुपयांस घेतले. पहिल्याच हंगामात त्याने चढाईचे २१८ गुण मिळविले आणि घरोघर त्याचे नाव झाले. पुढच्या एप्रिलात, २०१९ साली, तेलुगू टायटन्सने त्याच्याकरिता १ कोटी ४५ लाख रुपये मोजले. त्या लिलावातील ही सर्वांत मोठी रक्कम होती. त्या सातव्या हंगामात त्याचे चढाईचे गुण किती झाले? २१७. एक गुण कमी. परंतु त्याचा नवा संघ १२ संघांत ११ व्या स्थानी राहिला. उलट त्यास सोडून देणारा मुंबईचा संघ, जो आदल्या वर्षी बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात हरला होता, तो त्याच्यावाचून उपांत्य फेरीपर्यंत गेला.

हे आकडे पाहून आम्ही बराच वेळ गप्प राहिलो. सामान्य समजूत अशी की, संघ बदलला म्हणजे खेळ खालावतो व खेळ खालावला म्हणजे लौकिक जातो. येथे खेळ जेथल्या तेथे होता; लौकिकाने मात्र आपली जागा सोडली. त्या वर्षी लोक त्याची तुलना त्याच्या आदल्या वर्षाच्या गुणांशी करीत नव्हते; त्याच्या किमतीशी करीत होते. किंमत चौपट झाली, तेव्हा गुणही चौपट व्हावेत, अशी ही त्रैराशिकाची रीत. आमच्या वर्गात असे त्रैराशिक कोणी मांडले असते तर आम्ही त्याचा कान धरला असता.

आणि या खेळाची घडणच अशी आहे की, एकट्या माणसाचा हिशेब मांडताच येत नाही. ज्या भगिनींनी हा खेळ दुरूनच पाहिला असेल त्यांच्याकरिता थोडे सांगतो. मैदानावर सात गडी असतात. चढाईस गेलेला गडी पकडला गेला की तो बाद होऊन बाहेर बसतो. तो केव्हा उठणार? आपल्या संघाने समोरचा गडी बाद केला की आपला एक गडी उठतो, आणि ज्या क्रमाने बाद झाले त्याच क्रमाने उठतात. समजा, कोपऱ्यावरचे दोघे रक्षक उगाच झेपावून आधीच बाद झाले आहेत आणि मग चढाईपटू पकडला गेला. तर आधी ते दोघे उठावयाचे, मग हा. म्हणजे तीन गुण मिळेपर्यंत संघातील उत्तम गडी ओळीत तिसरा बसून गुडघे चोळणार! मुंबईच्या संघात फजल अत्राचली हा इराणचा खेळाडू कर्णधार होता व तो डाव्या कोपऱ्यावर उभा राही. त्याने पकड केली की बाहेर बसलेला गडी आत येई. ती पकड गुणपत्रकात अत्राचलीच्या नावावर लागे. तिच्यामुळे मिळालेली पुढची चढाई कोणाच्या नावावर लागावी?

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. आठव्या हंगामात देसाई दुखापतीमुळे मोजकेच सामने खेळू शकला आणि त्याच्या संघाने २२ सामन्यांत एकच जिंकला. दहाव्या हंगामात तो हरियाणा स्टीलर्सकडे असताना तो संघ प्रथमच अंतिम सामन्यास पोहोचला आणि १ मार्च २०२४ रोजी पुणेरी पलटणकडून २८-२५ असा हरला. माणूस एक, संघ तीन, आणि प्रत्येक ठिकाणी बोलणारी तोंडे निराळी.

पुतण्या म्हणाला, "म्हणजे कुठेही गेलं तरी खेळ तोच राहतो ना?" आम्ही होय म्हणणार इतक्यात आमची मंडळी सुपात तांदूळ घेऊन पडवीत आल्या. त्या साताऱ्याकडच्या. माहेरी त्यांच्या हातच्या पुरणपोळीसाठी चार घरांतून बोलावणे येई. आमच्या घरी आल्या तेव्हा येथे पुरणपोळी वर्षातून दोनदा. रोजची परीक्षा घावनाची, आणि श्रावणात हळदीच्या पानातल्या पातोळ्यांची. "दोन वर्षं मला या घरात स्वयंपाक येत नाही असंच सगळे म्हणत होते," त्या तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या. "हात तेच होते. काम निराळं दिलं होतं." आमच्या मातोश्रींनी तिसऱ्या वर्षीच्या होळीस पोळ्यांचे काम त्यांच्याकडे सोपविले, तेव्हापासून ती तक्रार मिटली. त्या दोन वर्षांत आम्ही काय म्हणत होतो, ते त्यांनी सांगितले नाही. आम्हास आठवते.

याच गोष्टीचे मोठे उदाहरण अजिंक्य रहाणेचे. हा मूळचा संगमनेर तालुक्यातील आश्वी खुर्दचा, वाढला डोंबिवलीस. डिसेंबर २०२० मध्ये मेलबर्न येथे कर्णधार म्हणून शतक करून त्याने देशाचा सामना सावरला, ते वाचकांच्या स्मरणात असेलच. पण २०२२ च्या जानेवारीनंतर त्यास कसोटी संघातून वगळण्यात आले. आयपीएलमध्ये त्या वर्षी कोलकात्याकडून तो सात सामने खेळला. धावा १३३, आणि त्याही शंभर चेंडूंमागे सुमारे १०४ च्या गतीने. वीस षटकांच्या खेळात ही गती म्हणजे बैलगाडीची. पुढच्या लिलावात चेन्नईने त्यास ५० लाखांच्या मूळ किमतीस घेतले. दुसऱ्या कोणी बोली वाढविली नाही.

नंतर ८ एप्रिल २०२३ रोजी मुंबईच्या वानखेडे मैदानावर त्याने २७ चेंडूंत ६१ धावा केल्या. पंधरा दिवसांनी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर, म्हणजे ज्या संघाकडून तो आदल्या वर्षी मंदगती ठरला होता त्याच्याच अंगणात, २९ चेंडूंत नाबाद ७१. हंगामाच्या शेवटी त्याच्या ३२६ धावा झाल्या, शंभर चेंडूंमागे १७२ च्या गतीने, आणि चेन्नईने विजेतेपद मिळविले. जूनमध्ये तो कसोटी संघात परत आला आणि ओव्हल येथील कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात त्याने ८९ व ४६ धावा केल्या. त्या हंगामात मुंबईकडून रणजी सामन्यांतही त्याने भरपूर धावा काढल्या होत्या. पण लोकांच्या डोळ्यांसमोर राहिली ती पिवळ्या सदऱ्यातली फलंदाजी.

एका वर्षात मनगटे नवी फुटत नाहीत. पूर्वी बहुतेक संघांनी त्यास सलामीला पाठवून, एक बाजू लावून धरण्याचे काम दिले होते. चेन्नईने तिसऱ्या क्रमांकावर पाठवून पहिल्या चेंडूपासून मारण्याची मोकळीक दिली. पुरणपोळी करणाऱ्या हातांस पोळीचे काम मिळाले.

येथे थांबलो असतो तर लेख नेटका झाला असता. परंतु पुतण्या हुशार. त्याने पुढच्या वर्षीचे आकडे काढून आमच्यापुढे ठेवले. २०२४ साली, तोच संघ, तेच मैदान. रहाणेच्या धावा २४२ आणि गती शंभरामागे १२३. तेव्हा सारे श्रेय संघाला देऊनही भागत नाही. चांगली जागा मिळाली तरी माणसाचा बहर दर वर्षी येतोच असे नाही. आमच्या आवारातील हापूसही एक वर्षाआड रुसतो. मात्र त्याच मार्चमध्ये रहाणेच्या नेतृत्वाखाली मुंबईने विदर्भास हरवून आपला ४२ वा रणजी करंडक जिंकला होता. एकाच माणसाविषयी एकाच वसंतात दोन मते बाळगणे लोकांस मुळीच जड गेले नाही.

या विषयाचा पद्धतशीर अभ्यास हार्वर्ड येथील बोरिस ग्रॉयसबर्ग या अध्यापकांनी केला आहे. तो खेळाडूंचा नव्हे. न्यूयॉर्ककडील पेढ्यांत रोख्यांची पारख करणाऱ्या नामांकित तज्ज्ञांचा. १९८८ ते १९९६ या काळातील अशा हजारावर तज्ज्ञांची माहिती त्यांनी तपासली. पेढी बदलणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांची कामगिरी पहिल्या वर्षी घसरलेली आढळली, आणि कित्येकांची पाच वर्षांनीही पूर्वपदास आली नव्हती. पण जे आपल्या जुन्या सहकाऱ्यांस बरोबर घेऊन गेले, त्यांची अशी घसरण झाली नाही. हे वाचून आम्हास आपल्या रंगभूमीची आठवण झाली. १९१३ साली बालगंधर्व किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले तेव्हा ते एकटे निघाले नव्हते. गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे त्यांच्यासह भागीदार होते. त्या तिघांस ग्रॉयसबर्ग यांची गरज पडली नाही.

आणि लांब तरी कशाला जावे? आपल्या सिंधुदुर्गात कार्तिकापासून गावोगावच्या जत्रांतून दशावतार उभा राहतो. नट एका कंपनीतून दुसरीत जातात, हे दर वर्षीचेच. या नाटकास लिहिलेली संहिता नसते. कथानक ठरते, संवाद जागच्या जागी सुचावयाचे. राजाचे काम करणारा कितीही वाक्पटु असला, तरी समोरच्या राक्षसाने प्रश्न नेमका टाकला तरच त्याच्या उत्तरास धार येते. पेटीवाला आणि मृदंगवाला यांनी त्याचा श्वास ओळखावा लागतो. नवीन कंपनीत गेलेला नट पहिल्या चार जत्रांत फिका वाटतो तो यामुळे. देवळाच्या पायरीवर बसलेले आपण मात्र, "पैशांसाठी गेला आणि आवाज घालवून बसला," असे म्हणून नारळाची शेंडी सोलीत राहतो. या वाक्यास आम्हीही पूर्वी मान डोलाविली आहे.

पैशासाठी गेला, हा आरोप जगभर सारखाच. अमेरिकेत बास्केटबॉल हा फार मोठा खेळ. त्यात मैदानावर पाचच जण असल्याने एकाच्या जाण्यायेण्याने सारा तोल ढळतो. लेब्रॉन जेम्स हा क्लीव्हलंडजवळचाच रहिवासी. त्याने २०१० साली ते शहर सोडून मायामीस जात असल्याचे दूरचित्रवाणीवर जाहीर केले, तेव्हा लोकांनी रस्त्यांत त्याच्या नावाचे सदरे जाळले. मायामीत त्याने २०१२ व २०१३ साली विजेतेपदे मिळविली, २०१४ साली तो स्वगृही परतला, आणि २०१६ मध्ये त्या शहरास ५२ वर्षांत न मिळालेले विजेतेपद मिळाले. मग मिरवणूक निघाली. सदरे जाळणारे त्या गर्दीत किती होते, हे कोणी मोजले नसावे.

इतके सारे झाल्यावर आम्ही पुतण्यास आमचा श्लोक परत घेतल्याचे सांगितले, आणि सल्ल्याऐवजी तीन प्रश्न दिले. तेथे तुला चढाईचेच काम देणार, की एखाद्या चढाईपटूच्या आजारपणापुरता ठेवणार? कोपऱ्यावर कोण उभे राहतात? आणि तुझा येथला उजवा कोपरा, जो शाळेपासून तुझ्या डोळ्यांची खूण ओळखतो, त्यास ते घेतील काय? पहिल्या दोहोंची उत्तरे तो चौकशी करून घेऊन आला. चढाईचेच काम, आणि कोपऱ्यावर दोन नवे मुलगे. तिसऱ्याचे उत्तर नकारार्थी आले. तरीही तो गेला. आम्ही अडविले नाही. थोरल्या बंधूंनी आठ दिवस त्याच्याशी बोलणे टाकले होते.

मार्गशीर्षात पहिल्या दोन स्पर्धा झाल्या. वाडीत वार्ता आली की पोरगा तिकडे जाऊन पडला. कोणी म्हणाले, डोक्यात हवा गेली. कोणी म्हणाले, विकला गेलेला गडी असाच खेळणार. वहिनींनी विहिरीवर जाण्याची वेळ बदलली, ते आम्हास फार लागले. पौषात कुडाळकडे सामना होता. आम्ही मनगटी घड्याळ व शाळेतली एक जुनी वही घेऊन एसटीने गेलो आणि दोन रकाने आखून बसलो. एकात त्याचे गुण. दुसऱ्यात तो बाहेर बसला ती मिनिटे.

चाळीस मिनिटांच्या त्या सामन्यात त्याला सहा गुण मिळाले. बाहेर बसण्याची बेरीज साडेएकोणीस मिनिटे भरली. चार वेळा तो बाद झाला; त्यांपैकी तीन वेळा त्याच्या आधी कोपऱ्यावरचे दोघेही ओळीत बसलेले होते. सामना संपल्यावर आम्ही वही त्याच्यापुढे धरली. त्याने पहिल्या रकान्याकडे पाहिले नाही. दुसरा रकाना बोटाने खालपर्यंत वाचला, वहीचे छायाचित्र घेतले आणि तो आपल्या शिक्षकांकडे चालू लागला.

रात्री घरी पोहोचावयास साडेदहा झाले. थोरले बंधू ओटीवर जागेच होते. सामन्याविषयी त्यांनी काही विचारले नाही. वही मात्र मागून घेतली. तिला आज बारा दिवस झाले. वही अद्याप त्यांच्याकडेच आहे, आणि काल त्यांनी मालवण बसस्थानकावरून शनिवारच्या गाड्यांच्या वेळा लिहून आणल्या आहेत.